हात, वही आणि विमान

ग्रंथालयाच्या छताला दोऱ्याने टांगलेले पांढरे विमान अलीकडे शाळेला भेट देणाऱ्या अनेक माजी विद्यार्थ्यांनी पाहिले असेल. त्याची लांबी सुमारे ११० सेंटिमीटर, पंखांचा विस्तार ७३ सेंटिमीटर आणि उड्डाणाच्या वेळचे वजन अवघे ५४० ग्रॅम. ते शोभेसाठी केलेले नाही. आपल्याच मैदानावर ते उडालेले आहे आणि त्याच्या नाकावरची ठिगळे त्याची साक्ष देतात. इतिहास शिकवणाऱ्या बाईंचा विमानाशी काय संबंध, असे मला अनेकांनी हसत हसत विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर स्मरणिकेच्या निमित्ताने थोडे सविस्तर द्यावे, असे वाटते.

आपली शाळा नाशिक जिल्ह्यात, येवल्याच्या बाजूला आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती याच येवल्यात. याच जिल्ह्यात ओझर येथे १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. तेथे आधी मिग-२१ आणि पुढे सुखोई-३० जातीची लढाऊ विमाने तयार झाली. त्यांपैकी एखादे आपल्या आकाशातून गेले की वर्गातले एकही मूल फळ्याकडे पाहत नाही. अशाच एका तासाला आठवीतील एका मुलीने विचारले, "मॅडम, ते एवढं जड विमान वर राहतं, मग आपण केलेलं हलकं का नाही राहणार?" प्रश्न इतिहासाचा नव्हता, पण तो तसाच सोडून देण्यासारखाही नव्हता. विज्ञानाच्या सरांशी बोलले. ते आनंदाने तयार झाले. रविवारची दुपार वसतिगृहात मोकळी असते, ती या कामासाठी ठरली. आठवी-नववीची अकरा मुले-मुली पुढे आली. माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने साहित्यासाठी सुमारे ८,००० रुपये दिले. त्यांतला निम्मा खर्च रिमोटचा होता. तो एकदाच करावयाचा होता.

सुरुवात वहीपासून झाली. सुखोई-३० एमकेआयच्या पंखांचा विस्तार सुमारे १४.७ मीटर आणि लांबी सुमारे २१.९ मीटर. मुलांनी विसावा हिस्सा धरला आणि वर सांगितलेली मापे आली. मग वजनाचा प्रश्न निघाला. लांबी वीस पटींनी कमी केली तर क्षेत्रफळ चारशे पटींनी आणि घनफळ आठ हजार पटींनी कमी होते. मूळ विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ३८,८०० किलो आहे. त्याला आठ हजारांनी भागले तर आपल्या प्रतिकृतीचे वजन जवळजवळ पाच किलो यावयास हवे. मात्र एवढे जड छोटे विमान फार वेगाने उडवावे लागेल, आणि शाळेच्या मैदानावर ते कोणालाच सांभाळता येणार नाही. मुलांनी पुढे हिशेब मांडला. मूळ विमानाच्या पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर ६०० किलोहून अधिक भार येतो. आपले विमान अर्ध्या किलोच्या आसपास ठेवले तर तो भार साडेतीन किलोपेक्षा जास्त होत नाही. भार कमी असला की विमान सावकाश उडते, आणि सावकाश उडणारे विमान सावरायला माणसाला वेळ मिळतो. हलके का बनवायचे, याचे उत्तर एकाही मुलाला पाठ करावे लागले नाही. ते त्यांच्याच भागाकारातून निघाले होते.

हलकेपणासाठी डेप्रॉन नावाचा फोम निवडला. मिरवणुकीच्या सजावटीत आपण वापरतो तो थर्माकोल दाण्यादाण्यांचा असतो आणि कापताना भुरभुरतो. डेप्रॉन त्याच कुळातला, पण सलग आणि गुळगुळीत. ६ मिलिमीटर जाडीच्या एका चौरस मीटरचे वजन पावशेराच्या आतच भरते. त्याला चिकटवण्याची गोष्ट मात्र नाजूक आहे. चपलेला किंवा प्लायवूडला लावतो तो रबरी डिंक, तसेच झटपट चिकटणारा साधा डिंक, दोन्ही या फोमला विरघळवतात. हे मुलांना आधी सांगितले नाही. पाच तुकडे दिले, पाच प्रकारचे डिंक दिले आणि दुसऱ्या दिवशी काय दिसते ते लिहायला सांगितले. दोन तुकड्यांना खड्डे पडले होते. एपॉक्सी आणि फोमसाठीचा खास डिंक टिकले. गरम करून लावायचा डिंकही टिकला, पण काट्यावर तो जड भरला. तथागतांच्या धम्माचे 'एहिपस्सिको' हे विशेषण आपण वंदनेत रोज उच्चारतो. या आणि पाहा, असे आवाहन त्यात आहे. त्या सकाळी तो शब्द मुलांना मी वेगळा समजावून सांगितला नाही. तुकडे समोर होते.

आता या लेखातील खऱ्या गोष्टीकडे येते. फोम कापणे दिसते तितके सोपे नसते. पाते उभे धरून जोर लावला की कड फाटते. पंखाची पुढची कड तर उतरती करावी लागते, तरच हवा तिच्यावरून नीट सरकते. तीन रविवार गेले आणि टाकाऊ तुकड्यांचा ढीग वाढला. त्याच सुमारास पालकभेटीचा दिवस आला. व्हरांड्यात बसून मुले कापत होती आणि नववीतील एका मुलाचे वडील बाजूला उभे राहून पाहत होते. बराच वेळ पाहून ते संकोचाने म्हणाले, "मॅडम, पातं असं उभं धरलं तर फाटंलच ते. निजवून धराया पायजे."

"भाऊ, कसं ते दाखवा ना," मी म्हटले.

ते खाली बसले. पाते आधी दगडावर दोनदा फिरवले, अंगठ्याने धार पाहिली, फोमचा तुकडा गुडघ्याशी घट्ट धरला आणि पाते जवळजवळ आडवे ठेवून एका लांब ओढीत कड उतरवली. मग दुसरी, मग तिसरी. जोर कुठेच नव्हता, फक्त कोन होता. मुले अवाक झाली. कोणीतरी विचारले, "काका, हे कुठं शिकलात?" त्यांनी मुलाकडे पाहिले आणि ते गप्प राहिले. मुलगा जमिनीकडे पाहत होता.

त्या गृहस्थांचा तालुक्याच्या गावी गटईचा स्टॉल आहे. रापीने चामडे छिलण्यात त्यांचे आयुष्य गेले. मुलाने मात्र वसतिगृहातल्या मित्रांना वडिलांचे दुकान आहे, एवढेच सांगितले होते. कशाचे, ते सांगितले नव्हते. मला ते माहीत होते आणि त्याला दोष द्यावा असे मला कधी वाटले नाही. ज्या समाजात कामावरून जात ओळखली जाते आणि जातीवरून माणसाची किंमत ठरते, तेथे चौदा वर्षांच्या मुलाने वडिलांचे काम झाकून ठेवणे हा त्याचा गुन्हा नव्हे. तो त्या समाजाचा गुन्हा आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण असे प्रसंग सांगताना आपल्याकडे एक चुकीचा सूर सहज लागतो. परंपरागत व्यवसाय किती थोर, पिढीजात कौशल्य किती सुंदर, प्रत्येकाने आपापले काम करीत राहावे, असा तो सूर असतो. बाबासाहेबांनी त्याचे खंडन फार पूर्वीच केले आहे. जातिव्यवस्था ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हा त्यांचा विचार या स्मरणिकेच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. त्यांचा विरोध कामाला नव्हता. जन्माने लादलेल्या कामाला होता, आणि त्या कामावरून माणसाला हीन ठरवणाऱ्या धर्माला होता. त्या वडिलांच्या हातातले ज्ञान खरे आहे. त्यांच्या मुलाने त्याच स्टॉलवर बसावे, असे त्यातून मुळीच निघत नाही. उलट ज्या व्यवस्थेने तो हात वहीपासून शतकानुशतके दूर ठेवला, तिने ज्ञानाचेच केवढे नुकसान केले, हे त्यातून निघते. हात एका जातीकडे आणि पोथी दुसऱ्या जातीकडे, अशी वाटणी झालेल्या देशात कोनाचे गणित जाणणाऱ्याला धार ठाऊक नव्हती आणि धार जाणणाऱ्याला गणित शिकू दिले गेले नाही.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून या ठिकाणी मला राइट बंधू आठवतात. ते सायकलींचे दुकान चालवीत. दोघांपैकी कोणीही महाविद्यालयात गेलेला नव्हता. त्यांचे सुरुवातीचे ग्लायडर छापील कोष्टकांप्रमाणे उडेनात, तेव्हा त्यांनी कोष्टकांवरच शंका घेतली. १९०१ साली लाकडी पेटीत वारा सोडून त्यांनी पंखांच्या शेकडो छोट्या नमुन्यांची स्वतः मोजणी केली. हवेच्या दाबाचा ०.००५ हा गुणांक अठराव्या शतकापासून चालत आला होता. तो प्रत्यक्षात ०.००३३ च्या आसपास असावा, असे त्यांना आढळले. ग्रंथात आहे म्हणून मानले नाही, मोजून पाहिले. कालाम लोकांना तथागतांनी जे सांगितले त्याच्याशी हे किती जवळचे आहे! १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे यंत्र पहिल्यांदा उडाले ते १२ सेकंद आणि १२० फूट.

हे सांगत असताना एका मुलाने विचारले की आपल्या लोकांनी त्यांच्या आधीच विमान उडवले होते ना? १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवले, ही कथा त्याने ऐकली होती. मी त्याला दटावले नाही. तळपदे यांच्या जिद्दीबद्दल आदर ठेवूनही एवढे सांगितले पाहिजे की त्या उड्डाणाचा खात्रीचा समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. प्राचीन म्हणून मिरवल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ साली अभ्यास केला. तो ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यात वर्णिलेली याने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मुलाने विचारले, "त्यांना न उडवता कसं कळलं?" मी म्हटले, तुम्ही वहीत जे केले तेच त्यांनी केले. वजन, आकार आणि हवा यांचा हिशेब मांडला. पूर्वजांचा अभिमान धरण्यास हरकत नाही, पण पुराव्याशिवाय धरलेला अभिमान हिशेबात टिकत नाही.

विमान हळूहळू आकाराला आले. पंखाच्या आत कार्बनची पोकळ नळी बसवली. मागच्या बाजूला फोममध्ये खाच करून तिच्यात छोटी मोटार आणि सहा इंची पंखा बसवला. शेपटीच्या दोन आडव्या पात्यांना प्रत्येकी ९ ग्रॅमची सर्व्हो मोटार जोडली. दोन्ही पाती एकत्र हलली की नाक वर-खाली होते, उलट दिशांना हलली की विमान कुशीवर वळते. विज्ञानाच्या सरांनी मोटार एका तरफेवर लावून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तिचा रेटा मोजून घेतला. तो ७५० ग्रॅमच्या आसपास भरला, म्हणजे विमानाच्या वजनापेक्षा अधिक. लिथियम बॅटरी मोठ्यांच्या देखरेखीशिवाय कोणी चार्ज करायची नाही, चार्जिंगच्या वेळी वाळूची बादली शेजारी हवी, आणि घरात मोटार तपासताना पंखा काढून ठेवायचा, हे तीन नियम भिंतीवर लिहिले.

गुरुत्वमध्य साधताना येवल्याची मुले पुढे सरसावली. येवल्याची संक्रांत म्हणजे पतंग आणि आसारी. कन्नी कुठे बांधली की पतंग डोके आपटत नाही, हे त्या मुलांना लहानपणापासून ठाऊक असते. पंखांखाली दोन बोटे धरून त्यांनी विमान तोलले आणि बॅटरी पुढे-मागे सरकवत अचूक जागा शोधली. नाक थोडे जड असले तर विमान आळसाने उडते, पण उडते. शेपूट जड असेल तर ते हातातून सुटल्यावर सावरतच नाही.

आणखी एक प्रश्न मुलांनीच काढला. याला जेट म्हणायचे का? जेट विमानात इंधन जळते आणि तप्त वायू मागे फेकला जातो. आपल्या विमानात विजेवर फिरणारा पंखा आहे, फक्त आकार जेटचा आहे. बराच वाद झाला. शेवटी प्रदर्शनाच्या पाटीवर त्यांनी लिहिले : 'जेटच्या आकाराचे, पंख्यावर उडणारे विमान'. पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून 'जेट' एवढेच लिहिता आले असते. सम्यक वाचा त्यांनी त्या पाटीवर पाळली, याचे मला विशेष समाधान वाटले.

उडवण्याआधी नियमही पाहिले. २०२१ च्या ड्रोन नियमांत शिक्षणासाठी किंवा छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या प्रतिकृतींचा वेगळा विचार केलेला आहे. तथापि आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे विभाग पाहावेच लागतात. आपले मैदान हिरव्या विभागात आहे, याची सरांनी नकाशावर खात्री केली. मग आधी मोटार बंद ठेवून गवतावर नुसते तरंगवून पाहिले. १९६१ साली आकाशात झेपावलेल्या 'मरुत' या भारतीय लढाऊ जेटच्या आधीही बंगळुरूला त्याच मापाचे लाकडी ग्लायडर १९५९ साली उडवून पाहिले होते, हे ऐकून मुलांना आपल्या सावधपणाचे थोडे कौतुक वाटले.

मोटार लावून केलेल्या पहिल्या उड्डाणात विमान डावीकडे कलंडले आणि नाकावर आदळले. मुले हिरमुसली, पण रडारड झाली नाही. आपटण्याची कारणे कोणती असू शकतात, याची यादी त्यांनी वहीत केली आणि एकेक कारण तपासले. सर्व्होच्या दांडीचा स्क्रू ढिला झाला होता. हे असेल तर ते होते, हे नसेल तर ते होत नाही. प्रतीत्यसमुत्पादाचा हा धडा मी वर्गात अनेकदा शिकवला आहे, पण एवढ्या शांतपणे तो कोणी ऐकल्याचे आठवत नाही. संध्याकाळपर्यंत नाक चिकटले. पुढच्या रविवारी विमान वाऱ्याच्या तोंडावर फेकले गेले, थोडे खाली आले, सावरले आणि कडुनिंबाच्या उंचीवरून वळले. रिमोट नववीतील एका मुलीच्या हातात होता. चार मिनिटांनी तिने ते गवतावर उतरवले. बॅटरीच्या हिशेबाने वहीत तेवढाच वेळ लिहिलेला होता.

सर्व पालक खूश होते असे नाही. शेतमजुरी करणाऱ्या एका आईने मला सरळ विचारले, "बाई, पोरगी शिकाया टाकलीया, इमानं उडवाया नाही." तिचा प्रश्न मला उद्धट वाटला नाही. लेकीच्या शिक्षणावर जिने सर्व काही लावले आहे, तिला असे विचारण्याचा हक्कच आहे. मी तिच्या मुलीला बोलावले आणि आईला सर्व समजावून सांग म्हटले. मुलीने वही उघडून आठ हजारांनी भागाकार का केला, ते सांगितले. आईला सर्व कळले असेल असे मी म्हणणार नाही. "मार्क कमी पडले तर बघा," एवढे बजावून ती गेली. ती अट आम्ही मान्य केली आहे.

१९४२ च्या ऑक्टोबरमध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आपल्या समाजाचे फारसे भागणार नाही, प्रगत विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे शिक्षण हवे व त्यासाठी सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी मागणी त्यात होती. स्वतः कायदेपंडित असलेल्या माणसाने हे म्हणावे, यातच त्यांची दूरदृष्टी दिसते. विज्ञानाची दारे उघडा, हे त्यांनी सरकारला सांगितले. आपल्या मुलांना त्या दारापर्यंत नेण्याचे काम आपल्या शाळांचे आहे. ते काम केवळ गुणपत्रिकेने होत नाही. वस्तू हातात घ्यावी, मोजावी, मोडली तर का मोडली ते शोधावे, आणि निसर्गासमोर आपण कोणापेक्षा कमी नाही हे स्वतः अनुभवावे लागते. हवा वजन पाहते, कोन पाहते, गुरुत्वमध्य पाहते. तिला आडनाव विचारण्याची सवय नाही. ज्या मुलांना गावात पहिला प्रश्न आडनावाचा विचारला जातो, त्यांना हा अनुभव मिळणे किती मोलाचे आहे, हे या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

वार्षिक प्रदर्शनात एका पाहुण्यांनी विमानाच्या पंखावरून बोट फिरवले आणि विचारले की एवढी सफाईदार कड कोणी शिकवली? सरांनी उत्तर देण्याआधीच तो नववीतला मुलगा म्हणाला, "माझ्या वडिलांनी. त्यांचा गटईचा स्टॉल आहे." त्याचा आवाज चढलेला नव्हता आणि दबलेलाही नव्हता. पुढे तो तंत्रनिकेतनात यांत्रिकी शाखेला गेला.

यंदा नवीन तुकडी दुसरे विमान करते आहे. मुलांनी आराखडा स्वतः काढला आहे. त्यांना साहित्यापेक्षाही माणसे हवी आहेत. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी सुतारकाम, वेल्डिंग, मोटार-रिवाइंडिंग, शिवणकाम किंवा इलेक्ट्रॉनिक्स जाणत असेल, तर त्यांनी एखाद्या रविवारी दुपारी अवश्य यावे. पालकांनीही यावे. कोणत्या हातात कोणते शास्त्र आहे, ते मुलांना पाहू द्यावे. पहिल्या विमानाची नोंदवही ग्रंथालयात ठेवली आहे आणि ती कोणालाही वाचता येईल.

जय भीम. नमो बुद्धाय.